काटा नाही म्हणतो

बाबा गेल्यानंतर आमच्या घरात 'नाही' म्हणायचं काम मांजराकडे आलं.

हसायचं असेल तर हसून घ्या. मीही हसले होते. पुढे माझं हसू आटलं, तुमचंही आटेल.

बाबा घड्याळजी होते. दुकान घरापासून हाकेच्या अंतरावर. एक शटर, एक टेबल, भिंतभर घड्याळं. कोणी घड्याळ आणलं की ते डोळ्याला भिंग लावायचे, मागचं झाकण उघडायचे, आत बघायचे. मग मान दोनदा झटकायची, डावीकडे, उजवीकडे, आणि उजव्या हाताची करंगळी उजव्या कानात. "नाही होणार." गिऱ्हाईकाने कितीही गयावया केली तरी तो निकाल फिरायचा नाही. घरातही तेच. आईने पडदे बदलायचे म्हटलं, मान. मी लांब शिकायला जाते म्हटलं, मान आणि करंगळी. माणूस वाईट नव्हता. त्याच्या मानेला होकाराचा खटका बसवायचाच राहून गेला होता, एवढंच.

काटा हा त्यांचा बोका. दुकानातल्या मोठ्या लंबकाच्या घड्याळामागे जन्मला, म्हणून काटा. करड्या रंगाचा, अंगाला कोणाला हात लावू न देणारा. फक्त बाबांच्या मांडीवर बसायचा. ते एका हाताने काम करायचे आणि दुसऱ्या हाताचा अंगठा त्याच्या कानाच्या मुळाशी हळूहळू फिरवत राहायचे. विचार करायची त्यांची तीच पद्धत.

बाबा त्याच टेबलावर गेले. बसल्या बसल्या. शटर खाली ओढलं ते ओढलंच. किल्ली आईने गळ्यातल्या दोऱ्यात बांधली आणि काटा घरी आला.

पहिल्यांदा घडलं तेव्हा आम्ही तिघं समोरच्या खोलीत होतो. आई, मी आणि मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ. आईने काट्याला मांडीवर घेतलं होतं. तिचा अंगठा आपसूक त्याच्या कानाशी गेला, बाबांचा जायचा तिथेच. ती स्वतःशीच म्हणाली, "आता तरी बदलावेत का हे पडदे?"

काट्याने मान झटकली. डावीकडे, उजवीकडे. मग मागचा उजवा पाय वर आला आणि उजवा कान खरखर खाजवला.

आई पांढरीफटक पडली आणि मांजराकडे बघून म्हणाली, "अहो?"

मला वाटलं, मामा तरी हसेल. तो गावभर टवाळ्या करत फिरणारा माणूस. तो उठून उभा राहिला आणि त्याने पायातली चप्पल काढली.

"दाजी आहेत, ताई," तो कुजबुजला. "मान बघ ना. डिट्टो दाजी."

पडदे तेच राहिले.

त्यानंतर घर मांजराला विचारून चालायला लागलं. डागडुजी करायची का? नाही. आईने बहिणीकडे राहायला जायचं का? नाही. मामाला तर खेळच मिळाला. "दाजी, माझं पोट कमी होईल का हो?" आईच्या मांडीवरच्या काट्याने मान झटकली. "बघा! जिवंत असतानाही माझ्याबद्दल कधी चांगलं बोलले नाहीत." हसत होता, पण मांजराच्या डोळ्यांत बघायचं टाळत होता. मीही टाळायला लागले होते. कारण आई विचारायची, मग क्षणभर थांबायची, आणि त्या थांबण्यात काटा कुठेतरी बघत असायचा. आमच्याकडे नाही. आमच्या मागे. बाबांच्या घरातल्या खुर्चीच्या थोडं वर, बसलेल्या माणसाचं डोकं असतं तिथे.

आता माझं सांगते. मी एका मोठ्या चकचकीत घड्याळांच्या दुकानात नोकरी करत होते. काम काय, तर सेल बदलायचे आणि पट्टे लावायचे. एकदा एका म्हाताऱ्याचं चावीचं घड्याळ उघडलं, तर मॅनेजर अंगावर आला. "उघडत काय बसता मॅडम? बंद पडलं, नवीन घ्या, एवढंच सांगायचं." मी बाबांच्या शेजारी बसून हे काम शिकले होते. केसाएवढी स्प्रिंग श्वास रोखून सरळ करता येते मला. आणि हा टायवाला गाढव मला उघडू नका म्हणत होता. मला बाबांचं दुकान हवं होतं. दुसरं काही नको होतं. ना दागिने, ना घर. ती एक किल्ली.

मी किल्ली मागितली. आईने काट्याला मांडीवर घेतलं.

"अहो, पोर दुकान उघडू म्हणते."

डावीकडे. उजवीकडे. कान.

"बघितलंस ना," आई म्हणाली. "मी काय करू?"

मी परत मागितली. परत तेच. दर वेळी आईचा आवाज थोडा आणखी शांत व्हायचा आणि मांजर मान थोडी आणखी जोरात झटकायचं.

मला भुतांचा राग नाही. बिचारी असतील तर असतील. मला राग आहे भुतांच्या नावाने घर चालवणाऱ्यांचा. मेलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, म्हणून त्याच्या तोंडी आपली वाक्यं घालायची. त्या दिवशी मी ठरवलं, या मांजराचं झाकण उघडून बघायचं.

उघडायला फार लागलं नाही. आई दुपारी आडवी झाली होती. मी खिडकीपाशी हत्यारं पुसत बसले होते आणि काटा शेजारी येऊन बसला. घर शांत होतं. त्या शांततेत मला आवाज आला. ओल्या वाळूवर कोणी चप्पल घासत यावं तसा. बारीक, चिकट, सतत. मी दाराकडे बघितलं, कोणी नव्हतं. काट्याने डोकं तिरकं केलं आणि आवाज मोठा झाला. मग कळलं, तो त्याच्या कानातून येत होता.

मी वाकले. आधी वास आला, बंद डब्यातल्या जुन्या चरबीसारखा. कानाच्या मागे खाजवून खाजवून केस गेलेले, खपल्या धरलेल्या. मी कानाची पाळी उलटी केली. आत काळपट भुगा भरलेला होता. कॉफीचा चोथा वाळून बसावा तसा. इतके महिने आम्ही या मांजराच्या तोंडाकडे टक लावून बघत होतो आणि एकानेही त्याच्या कानात डोकावलं नव्हतं.

पाळीच्या कडेचा थोडा भुगा मी कापसाने टिपला आणि काळ्या मखमलीवर झटकला. स्क्रू हरवू नयेत म्हणून आम्ही ज्या मखमलीवर मांडतो, तीच. डोळ्याला भिंग लावलं.

पांढरे ठिपके. सुईच्या टोकापेक्षा लहान. त्यातला एक हलला.

मला वाटलं माझा हात कापतोय. हात मांडीवर ठेवला. ठिपका चालतच होता. मग दुसरा. मग भुग्याच्या ढिगाखालून आणखी. बंद घड्याळाचे स्क्रू रात्रभरात उठून चालायला लागावेत तसे ते मखमलीवर पसरत होते, सावकाश, कुठल्याही घाईशिवाय. माझ्या अंगावर सरसरून काटा आला आणि माझ्या स्वतःच्या कानात खाज सुटली. मी करंगळी वर नेली आणि अर्ध्यावर थांबवली.

करंगळी. उजवी. मी हात पाठीमागे धरून बसले.

दुसऱ्या दिवशी काट्याला टोपलीत घालून गुरांच्या नव्हे, खास कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई आडव्या बांध्याच्या, हातावर ओरखड्यांची नक्षी.

"कधीपासून मान झटकतोय?"

"वडील गेले तेव्हापासून."

"म्हणजे महिने झाले! मांजर बोलायला लागेपर्यंत थांबता का तुम्ही लोक?"

"बोलायलाच लागलंय हो. तीच तर अडचण आहे."

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं, पण विचारलं नाही. दिव्याची नळी कानात घालून बघितलं, भुगा काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला बोलावलं. "या, भेटा तुमच्या पाहुण्यांना." आठ पायांचा एक पारदर्शक जीव काचेवर पाय मारत होता. त्याच्या पोटात एक अंडं दिसत होतं.

"कानातले माइट्स. चावत आत जात नाहीत, कानाच्या आत वरच्या कातडीवर राहतात, मळ खातात, पण खाज अशी की जनावर वेडं होतं. कानाचा पडदा शाबूत आहे, नशीब समजा. आणखी थांबला असतात तर आत पू झाला असता, मान कायमची तिरकी झाली असती, चालताना तोल गेला असता."

मग त्यांनी दाखवलं. कानात औषधाचं पाणी सोडायचं, कानाचं मूळ बाहेरून चोळायचं, मांजराला हवी तेवढी मान झटकू द्यायची, आणि वर आलेला मळ कापसाने पुसायचा. काडी आत घालायची नाही, मळ आणखी खाली ढकलला जातो. मानेवर मागच्या बाजूला, चाटता येणार नाही तिथे केस बाजूला करून कातडीवर थेंब टाकायचे. "अंडी लगेच मरत नाहीत. ती फुटून नवे येतात, म्हणून दिसायला बरा झाला तरी उपचार मध्येच सोडायचा नाही. घरातलं तेल ओतायचं नाही. कुत्र्याचं औषध तर चुकूनही नाही, मांजर मरतं त्याने. अंथरूण गरम पाण्यात धुवायचं. घरात दुसरं मांजर?"

"नाही."

बाईंनी काट्याच्या कानाच्या मुळाशी अंगठा दाबला आणि गोल फिरवला. काट्याने लगेच मान झटकली, डावीकडे, उजवीकडे, आणि मागचा पाय हवेत खाजवायला लागला.

"हे बघा. इथे हात लावला की होणारच. बटण दाबल्यासारखं."

मी त्या अंगठ्याकडे बघत राहिले.

घरी येऊन मी आईसमोर टोपली ठेवली. "आई, त्याच्या कानात किडे आहेत. बाबा नाहीत. तू विचारतेस तेव्हा तुझा अंगठा इथे असतो. हे बघ." मी दाबलं, काट्याने मान झटकली. हात काढला, थांबला. परत दाबलं, परत झटकली.

आई शांतपणे बघत होती. मग ती म्हणाली, "मामाने पोटाचं विचारलं तेव्हा माझा अंगठा फिरला. तू कामावर गेली होतीस, मी विचारलं, पोर सुखरूप येईल ना? तेव्हा नाही फिरला. काटा गप्प बसला."

"मग?"

"मग अंगठा कोण फिरवतं?"

मी काट्याला टोपलीतून बाहेर काढून खाली सोडलं.

मीही त्याच माणसाची मुलगी. मी म्हटलं, "ठीक आहे. काटा बरा होऊ दे. डॉक्टरीणबाईंनी बरा झाला म्हटलं की एकदा, एकदाच, किल्लीचं विचार. अंगठा खुशाल फिरव. त्याने मान झटकली तर मी जन्मात किल्ली मागणार नाही. तो टायवाला गाढव म्हणेल ते सेल बदलत बसेन."

"आणि नाही झटकली तर?"

"किल्ली."

"त्यांना बोलायचं असेल तर ते बोलतीलच," आई म्हणाली.

उपचार सुरू झाले. काटा मला ओरबाडायचा, मी त्याला चादरीत गुंडाळायचे, मामा लांबून सूचना द्यायचा. "दाजी, थोडं सोसा! पोरगी आहे तुमची!" कानातून काळा चोथा निघत होता, मग तपकिरी, मग काहीच नाही. खपल्या गळल्या. काटा गाढ झोपायला लागला. आणि जसजसा तो शांत होत गेला, तसतशी आई बोलेनाशी झाली. जेवताना समोर बसायची आणि माझ्या कानाकडे बघायची.

मग काट्याने पुन्हा मान झटकली. कोणी हात न लावता. परत तोच वास, तोच भुगा.

डॉक्टरीणबाई चिडल्या. "नक्की दुसरं मांजर नाही ना घरात? हे आपोआप उगवत नाहीत. कोणाला तरी चिकटून बसल्याशिवाय येत नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून घरी आले. ऊन डोक्यावर होतं. समोरच्या खोलीत कोणी नव्हतं. मागच्या अंगणातून आईचा आवाज येत होता, हलका, आर्जवी, बाबांशी बोलायची तसा. दार लोटून बघितलं.

आई जमिनीवर बसली होती. बाबांचा स्वेटर पसरला होता, काटा झोपायचा तो, मी धुवायला मागितलेला आणि हरवला म्हणून तिने सांगितलेला. त्यावर काटा होता आणि त्याला बिलगून एक हडकुळी, परकी, भटकी भाटी, म्हणजे मांजरी. तिचे दोन्ही कान काळे, एक सुजून मिटलेला. आईचा अंगठा तिच्या कानाच्या मुळाशी होता.

"अहो, इथे आहात का?" आई विचारत होती.

भाटीने मान झटकली.

मला हसायला यायला हवं होतं. इथे आहात का, तर नाही! पण आईच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काही नव्हतं.

"आई, काय करतेयस?"

"बघत होते," ती म्हणाली, "त्यांना दुसरीकडून बोलता येतं का."

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. तिच्या हातातून स्वेटर ओढून उकळत्या पाण्यात टाकला. ती दारात उभी राहून बघत होती. पाण्यातून वाफेबरोबर बाबांच्या अंगाचा, तेलाचा आणि धातूचा वास वर आला आणि संपला. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, मी काहीतरी मारते आहे. आणि ते नुसते किडे नाहीत.

तरी मी थांबले नाही. भाटीलाही औषध घातलं. दोघांचे उपचार बरोबरीने, शेवटपर्यंत. अखेर डॉक्टरीणबाईंनी चारही कानांत नळी घालून बघितलं आणि म्हणाल्या, "स्वच्छ. काचेवरही काही नाही. मोकळे."

संध्याकाळ होती. मामाला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं, तो दाराला टेकून उभा होता. आईने गळ्यातली किल्ली काढून स्टुलावर ठेवली. काट्याला मांडीवर घेतलं. अंगठा कानाच्या मुळाशी गेला.

"अहो. पोर दुकान उघडते आहे."

अंगठा फिरला. मी बघितला. एकदा, मग जोरात, मग इतका जोरात की नख पांढरं पडलं.

काट्याने डोळे मिटले आणि घुरघुरायला लागला.

"अहो," आई म्हणाली. "अहो, सांगा ना."

घुरघुर. बाकी काही नाही. मामाने खाली बघितलं. आईने अंगठा काढला, तो आपल्या पदरात गुंडाळला, जणू भाजला होता.

"घे," ती म्हणाली. "जिंकलीस. आता कोणीच काही म्हणणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर केलं. काटा माझ्या पुढे आत गेला. भिंतीवर सगळी घड्याळं आपापल्या वेळेवर थांबलेली, जो तो वेगळ्या वेळी. मी धूळ पुसली, दिवा लावला, बाबांच्या खुर्चीत बसले. खुर्चीला त्यांचा खड्डा होता, त्यात मी नीट बसले.

टेबलाच्या मधोमध काचेचं गोल झाकण होतं. त्याखाली मखमलीवर एक लहान बायकी घड्याळ, उघडलेलं. शेजारी स्क्रू ओळीने मांडलेले. चाकं काढलेली. चिमटा तिथेच, जिथे हातातून सुटला असणार.

आईचं घड्याळ. तिच्या मनगटावर किती महिने काही नाही, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

म्हणजे तिला माहीत होतं इथे काय आहे. शटर उघडलं की कोणीतरी हे झाकण उचलणार आणि ते शेवटचं अर्धवट काम पुरं करून टाकणार. मग त्यांच्या हातातलं काम संपलं, आणि तेही संपले. बाकी पडदे, डागडुजी, सगळं ती एक गोष्ट लपवायला उभं केलेलं होतं.

मला ते कळलं. कळूनही मी झाकण उचललं. कारण मी घड्याळजी आहे, आणि उघडं मशीन समोर असताना माझे हात ऐकत नाहीत. बिघाड लगेच दिसला. साधा होता. दोन चाकं बसवायची, तीन स्क्रू. संध्याकाळी तिच्या मनगटावर टिकटिकलं असतं. मला वाटलं, तिला बरं वाटेल.

काटा टेबलाच्या कडेला बसला होता, माझ्यापासून हातभर लांब. मी भिंग लावलं. एका हातात चिमटा, चिमट्यात चाक. दुसऱ्या हाताने मशीन धरलं. आणि तोंडातून सहज निघून गेलं, सवयीने, शिकत असताना विचारायचे तसं:

"बाबा, बसवू का?"

डोळ्याच्या कडेला हालचाल झाली.

डावीकडे. उजवीकडे.

पाय वर आला नाही, कान खाजवला नाही. नुसती मान. मग तो माझ्या डोक्याच्या थोडं वर बघत राहिला. मी खुर्चीत होते, म्हणजे आता तिथे माझ्या मागे फक्त भिंत होती.

माझे दोन्ही हात कामात होते. हे मी परत सांगते, कारण तुम्ही हेच विचारणार. दोन्ही.

मी चाक होतं तिथे ठेवलं. काट्याला उचलून दिव्याखाली धरलं, पाळी उलटी केली, भिंगातून बघितलं. दोन्ही कान. गुलाबी, कोरडे, स्वच्छ. वास नाही. मखमलीवर झटकून बघितलं. काळ्यावर काहीही पांढरं नव्हतं. काहीही चालत नव्हतं.

दुकान सुरू आहे. मी घड्याळं उघडते, दुरुस्त करते, होणार म्हणते. भाटी आता दुकानातच असते, काटाही. दर महिन्याला दोघांचे कान बघते. मी भूतबीत मानत नाही.

आई पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा सरळ टेबलापाशी गेली. काचेचं झाकण होतं तसं होतं. स्क्रू ओळीने. चिमटा जिथल्या तिथे. ती बराच वेळ वाकून बघत होती.

"बसवलं नाहीस?" तिने विचारलं.

मी मान हलवली. डावीकडे, उजवीकडे.